झाडावरचा रिकामा गोल

९ डिसेंबर

प्रिय टिटवी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोराच तो. 'मी बरी आहे, आई बरी आहे, काम फार आहे.' एवढ्यासाठी बिचाऱ्या पोस्टमनला दोन जिने चढायला लावलेस? फोनवर तर तू याहून कंजूष. 'हो', 'हं', 'ठेवते'. लहानपणी तुझी टकळी थांबेना म्हणून काकांनी तुझं नाव टिटवी ठेवलं, आणि आता ही गत! म्हणून तर मी पत्राचा हट्ट धरते. रद्दीच्या दुकानात जन्म गेला माझा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण तराजूच्या पारड्यातलं. कागदावर उतरलेलं माणूस मला जास्त नीट दिसतं.

काकांना जाऊन आणि घरात मी एकटी उरून वर्ष होत आलं. दुकान भाड्यानं दिलंय, त्यामुळे दिवस मोकळा असतो. मग इमारतीत कोणी आजारी पडलं की मी जाऊन बसते. काका अंथरुणाला होते तेव्हा सगळं शिकले ना मी. पाठ कशी थोपटायची, कफ कसा सुटतो, त्या वाफेच्या यंत्रात औषध किती घालायचं. शिकलेलं वाया कशाला घालवू? सध्या तळमजल्यावरच्या शिंप्यांना निमोनिया झालाय. आधी नुसता खोकला होता, तेव्हापासून मी आपलं यंत्र घेऊन जातेय. मास्क त्यांना नवा आणायला लावला हो, तेवढं कळतं मला. शिंपीण काल म्हणाली, "मावशी, तुम्ही आलात की घरात दोन माणसं आल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "अगं, अंगानं आहेच मी तेवढी."

ताईचा दमा कसा आहे? तिकडच्या धुळीत तिला कशाला ठेवतेस? पाठव माझ्याकडे. आणि पुढच्या पत्रात मला नीट सांग, तू त्या प्रयोगशाळेत नेमकं करतेस तरी काय? लोक विचारतात तेव्हा 'भाची जंतू बघते' एवढंच सांगते मी, आणि लोक हात मागे घेतात.

तुझी मावशी

*

१७ जानेवारी

प्रिय मावशी,

उत्तराला महिना लागला, पण आता ओळी मोजून तक्रार करू नकोस.

मी जंतूंची नाती लावते. फुप्फुसात शिरणारे, आणि औषधांना भीक न घालणारे जे असतात, त्यांची. प्रत्येक जंतूच्या पोटात पन्नासेक लाख अक्षरांचा मजकूर असतो. एकाचे दोन होताना तो मजकूर उतरवला जातो, आणि उतरवताना कधीमधी एखादं अक्षर चुकतं. तुझ्या दुकानातलंच उदाहरण घे. दोन पुस्तकांत एकाच पानावर एकच छापचूक दिसली की तू म्हणायचीस, ही दोन्ही एकाच छापखान्यातली. आम्ही तेच करतो. चुका जुळल्या की नातं जवळचं. मग त्यावरून वंशवृक्ष काढतो. मुळाशी पूर्वज, टोकांना आजारी माणसांकडून आलेले नमुने.

माझ्याकडे नावं नसतात, नुसते नंबर असतात. त्यामुळे कोण आजारी आहे, हे मला कधीच कळत नाही. हल्ली एकाच रुग्णालयातून तीन नमुने आलेत. तिघं वेगवेगळ्या आठवड्यांत भरती झालेले, वेगळी वयं, वेगळी कामं, वॉर्डसुद्धा वेगळे. आणि जंतू तर सख्खी भावंडं! झाड काढलं तर तिन्ही फांद्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्या ठिकाणी कोणीतरी असायला हवं, ज्याच्याकडून तिघांकडे गेलं. पण तिथला नमुना आमच्याकडे नाही. अशा जागी आम्ही रिकामा गोल काढतो. खरं सांगू? रोज तो गोल बघून कोणीतरी मला चोरून बघतंय असं वाटायला लागलंय. मी त्याच्याकडे नाही, तो माझ्याकडे बघतोय, असं.

आईला पाठवते. पुढच्या रविवारच्या बसनं येईल. तिला रात्री धाप लागते, सांभाळ. मला आई एकच आहे आणि तुझ्याएवढा विश्वास माझा कोणावर नाही.

टिटवी

*

२५ जानेवारी

प्रिय टिटवी,

पत्र तीनदा वाचलं. नातीगोती लावायची आमच्या वेळी बायकांची मक्तेदारी होती, आता तुम्ही जंतूंची सोयरीकसुद्धा शोधता म्हणायचं!

पण मन काही ठिकाणावर नाही. शिंपी गेले. रुग्णालयात नेऊनही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणे औषधामागून औषध देत होते, आणि अंगाला एकही लागेना. अगदी काकांसारखं. त्यांच्यानंतर वाचनालयातल्या बाई आजारी पडल्या, आणि आता समोरच्या इमारतीचे रखवालदार. बाई तरल्या कशाबशा. रखवालदारांचं काही सांगता येत नाही. एकटा जीव, म्हणून घरी होते तोवर मीच जात होते. यंत्राला मात्र ते हात लावू देईनात. "नाकावर फडकं बांधून मला चोर बनवता काय?" म्हणाले. मग काय, चमच्यानं पाणी पाजायचं, तोंड पुसायचं, जवळ बसायचं.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालंय. हसू नकोस. ताप चढला होता तेव्हा ते माझ्याकडे बघता बघता माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले, आणि अगदी आदबीनं म्हणाले, "त्यांना बसायला द्या ना." मी वळून बघितलं. मागे भिंत. तापात माणूस काहीही बरळतं, मला माहीत आहे. पण वाचनालयातल्या बाईंनीही मला असंच विचारलं होतं, "ते उभे का आहेत?" तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. त्या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही गं.

जाऊ दे. ताईची खाट खिडकीपाशी लावली आहे. धाप लागली तर यंत्र घरातच आहे, काळजी करू नकोस.

मावशी

*

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आई पोचल्याचं कळलं. जिना चढताना तीनदा बसली आणि तिन्ही वेळा तुझ्या जिन्याला नावं ठेवली, हेही कळलं.

शिंपीकाकांचं वाचून वाईट वाटलं. त्यांना कोणत्या रुग्णालयात नेलं होतं गं? आणि बाईंना? सहज विचारते.

आता एक सांगायचंय. गेला आठवडाभर पेन उचलते आणि ठेवते. त्या तीन नमुन्यांचे आणखी कोणी नातेवाईक सापडतात का, म्हणून मी शीतपेटीतले जुने नमुने काढून ताडून पाहिले. एक सापडला. गेल्या वर्षीचा. बाकी कुठलाही नंबर मला पाठ नाही, पण हा आहे. कारण तो आला त्या दिवशी फॉर्मवरची तारीख आणि वय बघून मी ओळखलं होतं. मावशी, तो काकांचा आहे.

विचित्र पुढेच आहे. जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे फिरत राहिले, औषधांशी झगडत राहिले, तर वर्षभरात मजकूर बराच बदलायला हवा. यांच्यात आणि काकांच्यात फरक फक्त दोन अक्षरांचा. जणू मधलं वर्ष गेलंच नाही. जणू ते कुठंतरी शांतपणे पडून होते आणि आत्ता उठले. वर्षभर होते कुठे? मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "ओलावा आणि अंधार मिळाला की यांना आणखी काय लागतं?"

तुला हे सांगू नये असंही वाटलं. पण तुझ्यापासून काकांची गोष्ट लपवायची, हे मला जमेना.

टिटवी

*

८ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

तू लिहिलंस ते बरं केलंस. तुला वाटलं असेल मावशी घाबरेल. मी पत्र घेऊन गॅलरीत बसले आणि मला चक्क बरं वाटलं बघ. वेड लागलंय म्हण हवं तर. सगळं गेलं होतं ना त्यांचं. कपडे वाटले, चष्मा दिला, दुकानावरची पाटीसुद्धा नव्या माणसानं बदलली. आणि तू म्हणतेस त्यांच्या छातीत जे होतं, ते कुठंतरी अजून जिवंत आहे. वाईट आहे, माणसं मारणारं आहे, कळतं मला. पण जिवंत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. शिंपी, बाई आणि रखवालदार, तिघंही इथल्याच मोठ्या रुग्णालयात होते. काकांना ठेवलं होतं त्याच.

ताई मजेत आहे. दिवसभर माझ्या भांड्यांची मांडणी बदलते. परवा मात्र तिला जोराची धाप लागली, ओठ निळसर पडले. मी धावत जाऊन यंत्र आणलं. तुला आता एक सांगते, ओरडू नकोस. यंत्राचा मास्क, नळी सगळं मी बदललंय, पण औषध घालायचा तो छोटा पेला आहे ना, तो काकांचाच आहे. त्यांनी शेवटचा श्वास घेतला तेव्हा तोच लावलेला होता. मी तो तसाच झाकण लावून ठेवला होता. धुवायला हात धजला नाही. लोकांना देताना गरम पाण्याखाली धरते नुसता, घासत नाही. घासला तर काय निघून जाईल, असं वाटतं.

वाफ घेतल्यावर ताईला लगेच आराम पडला. रात्री तिच्या उशाशीच बसले होते, कपाळावर हात ठेवून. आता तिला शांत झोप लागली आहे. अंग थोडं कोमट लागतंय, पण इथं उकडतंही फार.

मावशी

*

२७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आईला भरती केलं, मी आले, गेले, आणि इतक्या दिवसांत तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही. तुझं पत्र मला कँटीनमध्ये मिळालं. 'पेला' हा शब्द वाचला आणि मी चहा तसाच टाकून उठले. फोनवर तुझ्यावर ओरडले त्याबद्दल माफ कर. तू तशीच ताठ उभी राहून ऐकत होतीस, असं आईनं नंतर सांगितलं.

आई आता धोक्याबाहेर आहे. डॉक्टर म्हणतात आणखी दोन आठवडे रुग्णालयात ठेवू. ती वाचली ती काकांमुळे, हे तू लक्षात ठेव. काकांच्या वेळी एक एक औषध वाया गेलं, आणि त्यांच्या जंतूला चालणारं एकच जुनं औषध आहे, असं आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आईच्या वेळी आम्ही वाट पाहिलीच नाही. पहिल्याच दिवशी तेच सुरू केलं, कारण आत कोण आहे ते मला माहीत होतं.

यंत्र आम्ही नेलं. दोष यंत्राचाच होता. प्रकरण मिटलं. तुझ्या घशातून बोळा फिरवून नेला तो नुसता नियम म्हणून.

थोडे दिवस कोणा आजाऱ्याकडे जाऊ नकोस. आईकडेही नको. दमली आहेस, विश्रांती घे.

टिटवी

*

६ मार्च

प्रिय टिटवी,

तुझं हे पत्र पुन्हा चिठोऱ्याच्या वळणावर गेलंय. तू लपवायला लागलीस की तुझी वाक्यं तुटक होतात. 'प्रकरण मिटलं.' असं तू कधी बोलतेस का?

मी आठ दिवस विचार करतेय. नियम म्हणून बोळा फिरवायचा तर इमारतीत सगळ्यांचा फिरवला असता. ती हातमोजे घातलेली मुलगी फक्त माझ्या दारी आली. आणि जाताना तिनं कडी कोपरानं लावली.

शिवाय रखवालदार. त्यांनी यंत्राला हात लावला नव्हता. मी तुला लिहिलंही होतं, तू विसरलीस, की विसरल्याचं दाखवतेस? त्यांना फक्त मी होते. माझा चमचा, माझा हात, माझा श्वास.

परवा रखवालदार गेले. मी गेले नाही. खिडकीतून त्यांची रिकामी खुर्ची बघत बसले.

तुला त्या रिकाम्या गोलाची भीती वाटायची ना? सांग मला. मी उभी कुठे आहे?

मावशी

*

१३ मार्च

मावशी,

हो.

पेला पूर्ण कोरडा होता. आम्ही परत परत बघितलं, त्यातून काहीच वाढलं नाही. काकांची सेवा करत होतीस तेव्हाच ते तुझ्या घशात आलं आणि तिथंच राहिलं. तुला त्रास नाही, खोकला नाही, ताप नाही. औषधांशी झगडायची वेळ आली नाही म्हणून मजकूर बदलला नाही. ते पडून नव्हतं, मावशी. तुझ्याकडे सुखात होतं. शिंपीकाका, बाई, रखवालदार, आई, सगळ्यांच्या फांद्या तुझ्यापाशी येतात, आणि तू काकांच्या फांदीवर आहेस.

यात तुझा गुन्हा नाही. हे मी भाची म्हणून लिहीत नाही, शंभर झाडं काढलेली बाई म्हणून लिहिते. तुझ्याजागी कोणी नर्स असती तरी हेच झालं असतं. धडधाकट माणसाच्या घशातून ते हटकून घालवणारं औषध आमच्याकडे नाही. कधी आपणहून जातं. कधी राहतं. दर महिन्याला आपण बघत राहू. तुझ्या इमारतीतल्यांना काय सांगायचं ते आरोग्य खात्याचे लोक येऊन सांगतील, तुझं नाव न घेता.

आईला मी काहीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पहिली येऊन तुझ्या गळ्यात पडेल, तुला माहीत आहे ती. आणि तिच्या फुप्फुसांना हे दुसऱ्यांदा झेपणार नाही. येत्या मंगळवारी तिला घरी सोडणार. मी न्यायला येतेय, पण ती हट्ट धरून बसली आहे की बसमध्ये बसायच्या आधी एकटीच तुझ्याकडे पिशवी न्यायला जाणार. मी अडवू शकत नाही. काय करायचं ते तू बघ.

तुझी टिटवी

*

२१ मार्च

प्रिय टिटवी,

बसमध्ये ताई तुझ्याशी बोलली नसेल, म्हणून मीच लिहिते.

पिशवी मी आदल्या दिवशीच साबणानं धुऊन, कपडे उन्हात कडक वाळवून, दाराबाहेर ठेवली होती. कडी लावून आत बसले. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली. दोनदा थांबली. तिसऱ्यांदा माझ्या दाराशी.

"धाकटे, दार उघड."

"पिशवी बाहेर आहे. घेऊन जा."

"पिशवी दिसतेय मला, आंधळी नाही मी. तू दिसत नाहीयेस."

"मी रागावले आहे."

"माझ्यावर? कशाबद्दल?"

"आठवलं की सांगते."

ती हसली. मग दारापाशीच बसली, पायरीवर. तिच्या श्वासाची शिट्टी मला आतून ऐकू येत होती. म्हणाली, "रुग्णालयात एकदाही आली नाहीस. एकदाही. मी रोज दाराकडे बघायची. नर्स म्हणायची, आजी, कोणाची वाट बघता? मी म्हणायची, माझी बहीण आहे, कोणाही परक्याच्या उशाशी जाऊन बसते, माझ्याही बसेल." हात कडीवर होता गं माझा. एक बोट वर केलं असतं की झालं असतं.

"काय चुकलं माझं?" ती म्हणाली. "भांडी हलवली म्हणून?"

मला हुंदका आला, म्हणून मी घसा खाकरला. बाहेर तिच्या श्वासाची शिट्टी थांबली.

"धाकटे," ताई अगदी हळू म्हणाली, "आत कोण आहे?"

"कोणी नाही. मीच."

"तू नव्हेस. तुझं खाकरणं मला तू रांगायला लागल्यापासून माहीत आहे. पुरुषमाणूस खाकरला."

मी पदर तोंडात धरला. खरंच सांगते टिटवी, मलाही तो आवाज माझा वाटला नाही. काका सकाळी तोंड धुताना खाकरायचे, हल्ली माझाही तसाच निघतो. आरशात बघते तर मी असते.

मग तिनं पिशवी उचलल्याचा आवाज आला. उठताना तिनं दाराला तळवा टेकला असावा, लाकूड जरासं करकरलं.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "मी बरी आहे आता."

आणि ती जिना उतरली. यावेळी कुठंही थांबली नाही.

मी सांगितलं.

मावशी